संरक्षण आदेश हातात, बंदूक त्याच्या भिंतीवर. पुढे काय?

तारळीकाठ
प्रश्न विधी स्वयंसेवकांच्या कामातला आहे, सातारा-सांगलीकडच्या जाणकारांनी सांगावं.

समजा, बाई माहेरी कराड तालुक्यात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या (२००५) कलम १८ खाली संरक्षण आदेश मिळालेला: भेटायचं नाही, फोन करायचा नाही, माहेरच्या घराजवळ फिरकायचं नाही. नंतर घटस्फोटही झाला. माणूस पाटण तालुक्यात, त्याच्याकडे परवान्याची बारा बोर दुनळी. आदेशात बंदुकीचा शब्दसुद्धा नाही. अशा बाईला सहसा दोन उत्तरं मिळतात. एक, "परवाना आहे ना त्याच्याकडे, आम्ही कशी काढून घेणार?" दोन, "पोलिसांचा अहवाल आणा, मग बघू."

ही बंदूक त्याच्या घरातून बाहेर कशी काढायची? कोणत्या कलमाने, कोणाकडे, कोणत्या क्रमाने?

भडंगप्रेमी
आचारसंहिता लागली की हीच बंदूक निमूट ठाण्यात जाऊन पडते. बाईने झेडपीच्या निवडणुकीची वाट बघावी झालं.

मिरजेची_तार
भप्रे, हसू आलं आणि लगेच मावळलं. वाचते आहे.

पंचनामा
भडंगप्रेमी गमतीत बोलले, पण धरून ठेवण्यासारखी गोष्ट बोलले. निवडणुकीत सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करायची नाहीत, मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच ते सांगितलं आहे. छाननी समिती प्रत्येकाचं नाव बघते: जामिनावर कोण, जुने गुन्हे कोणावर, मागे दंगलीत कोण होता. निकालानंतर आठवडा गेला की शस्त्र परत.

आता यातून घ्यायचं काय? ठाण्यात परवानाधारकांची यादी असतेच असते, नाहीतर निवडणुकीत नोटिसा कोणाला गेल्या असत्या? तेव्हा बाईला परवाना क्रमांक माहीत नाही म्हणून अर्ज अडत नाही. नाव, गाव, ठाणे आणि "बारा बोर दुनळी" एवढं लिहा, क्रमांक ठाण्याने भरावा. क्रमांक किंवा युआयएन (परवान्याचा विशिष्ट ओळख क्रमांक) माहीत असेल तर उत्तमच.

काळाकोट
ताई, तुमचा क्रम उलटा करून सांगतो. सगळ्यात सोपं दार आधी.

नवा अर्ज करत बसू नका. हिंसाचार कायद्याच्या कलम २५ (१) प्रमाणे संरक्षण आदेश बाई स्वतः अर्ज करून उठवून घेईपर्यंत चालू राहतो, घटस्फोटाने तो आपोआप संपत नाही. आणि २५ (२) प्रमाणे परिस्थिती बदलली तर त्याच न्यायालयाकडे आदेशात फेरफार मागता येतो. तेव्हा त्याच फाइलमध्ये फेरफाराचा अर्ज. कोणत्या अधिकारात मागायचं? कलम १८ चं शेवटचं पोटकलम "आदेशात नमूद केलेली इतर कोणतीही कृती" करायला मनाई करू देतं. कलम १९ (२) बाईच्या सुरक्षिततेसाठी लागेल तो जादा निर्देश देऊ देतं. आणि २३ खाली हे सगळं अंतरिम, गरज पडली तर एकतर्फीसुद्धा.

घटस्फोटित बाई या कायद्यात बसत नाही असं समोरचे वकील हमखास म्हणतात. व्याख्येतच "संबंधात आहे किंवा होती" असं आहे. जुवेरिया पटनी प्रकरणात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाआधीच्या हिंसेबद्दल घटस्फोटित पत्नीला अर्ज करता येतो हे स्पष्ट केलं.

सह्यगिरी
पाटण, जावळी, शिराळ्याकडच्या वाड्यांवर बंदूक म्हणजे डुकरं आणि गवे. भात कापायच्या तोंडावर बंदूक जमा झाली तर पीक कोण राखणार? आणि घटस्फोटाच्या भांडणात वकील मंडळी एकाला दहा कलमं लावतात हे काय लपून आहे? परवान्यासाठी माणूस वर्ष-दोन वर्ष खेटे घालतो आणि एका अर्जावर बंदूक जाणार. हे पटत नाही.

हळदकुंड
सह्यगिरीदादा, पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारायचा परवाना नव्हे. त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. बार काढून हुसकावायचं तर फटाके आहेत, झटका कुंपण आहे. बाईला दुसरा पर्याय काय?

सह्यगिरी
झटका कुंपणाला पैसे लागतात ताई. पण बरं, मुद्दा घेतला. "जमा" आणि "रद्द" यात फरक करा एवढंच म्हणणं.

काळाकोट
तो फरक कायद्यातच आहे. न्यायालय सांगतं ते जमा. जिल्हादंडाधिकारी शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १७ खाली करतात ते निलंबन किंवा रद्द. निलंबन ठरावीक मुदतीचंही असू शकतं. त्याविरुद्ध कलम १८ खाली विभागीय आयुक्तांकडे अपील, म्हणजे आपल्याकडे पुण्याला. तिथेही हरला तर उच्च न्यायालय, आणि ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे. म्हणजे त्या माणसाला दारं बंद नाहीत. तो तारखांना जाईल, तोवर बंदूक ठाण्यात राहील, इतकाच प्रश्न आहे.

(ताईंच्या प्रश्नातलं कलम आणि हे अपिलाचं कलम, दोन्ही अठराच, एक हिंसाचार कायद्याचं आणि एक शस्त्र अधिनियमाचं. अर्जात घोळ घालू नका. पक्षकार सोडा, वकीलही घालतात.)

गृहशाखेतला
कलम १७ च्या अर्जाचा प्रवास सांगतो, म्हणजे कुठे अडतो ते कळेल.

अर्ज कलेक्टर कचेरीत, गृह शाखेत. तिथून पोलीस अधीक्षकांकडे. तिथून उपविभागीय पोलीस अधिकारी, तिथून ठाणे. ठाण्याचा अहवाल त्याच वाटेने वर. मग परवानाधारकाला कारणे दाखवा नोटीस, म्हणणं, सुनावणी, आदेश. वाट लांब आहे, पण फाइल पडते ती लांबीमुळे नाही. ठाण्याच्या अहवालातल्या एका वाक्यामुळे पडते: "सदरचा वाद हा पती-पत्नीमधील घरगुती स्वरूपाचा असून सार्वजनिक शांततेस बाधा नाही." झालं. १७ (३) (ब) मध्ये शब्दच "सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षितता" असे आहेत, मग टेबलावरचा माणूस म्हणतो बसत नाही.

म्हणून अर्ज (ब) वर एकटा उभा करू नका. त्याच्या आधीचं (अ) वाचा: परवानाधारक "कोणत्याही कारणाने परवान्यास अयोग्य" असेल तर. त्यात सार्वजनिक वगैरे काही नाही. ज्या माणसाला न्यायालयाने बाईजवळ जायची मनाई केली आहे तो शस्त्राला योग्य कसा, हा प्रश्न (अ) खाली विचारता येतो. सोबत (क) बघा: परवाना घेताना महत्त्वाची माहिती दडवली असेल तर. अर्जाच्या नमुन्यात शिक्षा झाली आहे का, शांततेसाठी बंधपत्राचा हुकूम आहे का, हे थेट विचारलेलं असतं. ते दडवून परवाना घेतला असेल तर आयता मुद्दा.

दारूचंही असंच. २०१६ च्या शस्त्र नियमांत वैद्यकीय दाखला लागतो, नमुना एस-३, त्यात अर्जदार मादक पदार्थांच्या आहारी नाही असं डॉक्टरने लिहायचं असतं. व्यसनमुक्ती केंद्राचे कागद बाईकडे असतील तर ते जोडा. दहा पानी कैफियतीपेक्षा तो एक कागद जड.

आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला आहे. नूतनीकरणाच्या वेळी बघू म्हणाल तर पाच वर्षं गेली.

मिरजेची_तार
साष्टांग दंडवत. (अ) आणि (ब) मधला फरक कुठेच वाचला नव्हता.

काळाकोट
गृहशाखेतल्यांना पुरवणी. नुसता गुन्हा दाखल आहे एवढ्यावर परवाना रद्द केला तर अपिलात टिकत नाही, अलाहाबाद उच्च न्यायालयाचे असे निकाल रांगेने आहेत आणि इकडेही दाखवले जातात. म्हणून अर्जात "गुन्हा दाखल आहे" एवढंच लिहून थांबू नका. शस्त्राचा प्रसंग लिहा. तारीख, वेळ, खोली, शस्त्र कुठे होतं, हातात घेतलं का, भरलं का, काय बोलला, कोण होतं.

हळदकुंड
इथेच बहुतेक कागद कच्चे राहतात, म्हणून थोडं लांबण लावते.

घरगुती घटना अहवाल, नमुना १, संरक्षण अधिकारी (हिंसाचार कायद्याखाली नेमलेले) भरतात. बाई सांगते "मारहाण करायचा, शिव्या द्यायचा". बंदूक तिच्या दृष्टीने भिंतीवरची वस्तू असते, कोणी विचारल्याशिवाय ती बोलतच नाही. विचारायचं असं: घरात कोणतं हत्यार आहे? कुठे असतं? भांडणाच्या दिवशी ते जागचं हललं होतं का? मग बाहेर येतं की जेवायला बसायच्या आधी तो बंदूक काढून मांडीवर घ्यायचा, फडक्याने पुसत बसायचा, नळ्या मोडून काडतूस घालायचा-काढायचा, आणि शब्द एक बोलायचा नाही. मुलं ताट तसंच टाकून आत जायची. हा "नेम धरला नाही" म्हणून सोडून द्यायचा प्रसंग नाही, अहवालात शब्दशः हवा.

का हवा? हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांतला नियम १० (१) (फ) बघा. दंडाधिकाऱ्यांनी लेखी सांगितलं तर संरक्षण अधिकाऱ्याने पोलिसांच्या मदतीने "कथित हिंसाचारात गुंतलेलं कोणतंही हत्यार" ताब्यात घ्यायचं. "गुंतलेलं" या शब्दावर समोरचा वकील लटकतो: गोळी झाडली नाही, मग गुंतलं कसं? मांडीवर घेऊन पुसणं अहवालात असेल तर ते गुंतलं. नसेल तर भिंतीवरचं शोभेचं.

दुसरं, "लेखी सांगितलं तर". संरक्षण अधिकारी स्वतःहून उचलू शकत नाहीत. म्हणून विनंती कलमात, म्हणजे न्यायालयाकडे काय हवं ते लिहायच्या अर्जातल्या भागात, ते मागावंच लागतं.

भडंगप्रेमी
"कोणतंही हत्यार" म्हणजे कोयता पण? मग उसाच्या पट्ट्यात ठाण्याला गोदाम बांधावं लागेल.

हळदकुंड
हो, कोयता पण. आणि हसण्यावारी नेऊ नका, आपल्याकडे बंदुकीपेक्षा कोयताच जास्त वेळा निघतो. परवाना लागतो की नाही याच्याशी त्या नियमाला देणंघेणं नाही.

कंदी_पेढा
छऱ्याच्या बंदुकीचं काय? पक्षी उडवायला असते ती.

ठासणी
४.५ मिमी म्हणजे .१७७ पर्यंतची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची असेल तर परवाना नको. त्याच्यावर गेली की परवाना. पण हळदकुंड म्हणतात तसं, नियम १० ला ते लागत नाही. डोळा फोडायला .१७७ पुरते.

काळाकोट
विनंती कलम कसं लिहायचं असं व्यनित (खाजगी निरोपात) विचारलंय, इथेच देतो. कचेरीच्या भाषेत:

"प्रतिवादी यांचे नावे असलेला शस्त्र परवाना (क्र. ______, युआयएन ______, ______ पोलीस ठाणे हद्द) यावरील सर्व शस्त्रे व काडतुसे, तसेच प्रतिवादी यांचे ताब्यातील इतर कोणतेही हत्यार, सदर आदेशाची नोटीस बजावतेवेळीच संरक्षण अधिकारी यांनी पोलिसांचे मदतीने ताब्यात घेऊन ______ पोलीस ठाण्यात जमा करावे, सदर शस्त्रे या न्यायालयाचे पूर्वपरवानगीशिवाय प्रतिवादी अथवा अन्य कोणासही परत देऊ नयेत, व या आदेशाची प्रत परवाना प्राधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी यांना पाठविणेत यावी."

यातले तीन तुकडे सोडू नका. "बजावतेवेळीच", "पूर्वपरवानगीशिवाय" आणि शेवटचा "प्रत". हिंसाचार कायद्याच्या कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत पक्षकारांना आणि ठाण्याला फुकट जाते, पण परवाना देणाऱ्याला पाठवायची कायद्यात सोय नाही. न्यायालयाचा आदेश एका कपाटात, परवान्याची फाइल दुसऱ्या कपाटात, आणि दोघांची ओळख कोणी करून देत नाही. ती बाईने किंवा तुमच्यासारख्या स्वयंसेवकाने करून द्यायची.

तारळीकाठ
"बजावतेवेळीच" का महत्त्वाचं, जरा उलगडाल?

हळदकुंड
मी सांगते. कलम १३ प्रमाणे संरक्षण अधिकाऱ्याने नोटीस जास्तीत जास्त दोन दिवसांत बजावायची, दंडाधिकाऱ्यांनी वाढवून दिले तर जास्त. नोटीस हातात पडली त्या क्षणी त्याला कळतं की बाईने बंदुकीचं नाव घेतलं. तिथून बंदूक प्रत्यक्ष जमा होईपर्यंतचा जो काळ आहे तो सगळ्यात वाईट. सकाळी नोटीस आणि "चार दिवसांत आणून देतो" हे चालू द्यायचं नाही. नोटीस आणि जमा एका फेरीत, सोबत ठाण्याचा माणूस. त्यासाठी अंतरिम एकतर्फी आदेश लागतो, कलम २३ (२), सोबत नमुना ३ चं प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्रात मांडीवरचा प्रसंग परत लिहा, "मूळ अर्जाप्रमाणे" लिहून मोकळं होऊ नका.

त्या दोन दिवसांत बाई कुठे राहणार, मुलांना शाळेतून कोण आणणार, हे नमुना ५ च्या सुरक्षा योजनेत आधी ठरवा. ११२ आणि १८१ हे मदतीचे नंबर पाठ असले तरी शेजारच्या एका घराला सांगून ठेवा.

पंचनामा
एक सक्त ताकीद. बाईने किंवा तिच्या भावाने बंदूक स्वतः उचलून ठाण्यात आणायची नाही. हेतू कितीही चांगला असला तरी परवाना तिच्या नावाचा नाही, वाटेत अडवलं तर बिनपरवाना शस्त्र बाळगल्याचा आरोप तिच्यावर. २०१९ नंतर त्याला दोन ते पाच वर्षं शिक्षा आहे. लपवायची नाही, काडतुसं काढून ठेवायची नाहीत, हात लावायचा नाही. कुठे आहे ते सांगायचं, पोलीस पंचनामा करून घेतील. आता झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, त्याचाही बाईला फायदाच.

आणि "परवाना आहे, कशी काढून घेणार" याला उत्तर शस्त्र अधिनियमाच्या कलम २२ मध्ये आहे. एखाद्याजवळ शस्त्र राहू देणं सार्वजनिक शांततेला किंवा सुरक्षिततेला धोक्याचं आहे असं दंडाधिकाऱ्यांना वाटलं, तर कारणं लिहून झडती आणि जप्ती, त्या माणसाला शस्त्र बाळगायचा कायदेशीर हक्क असला तरी. हे शेवटचे शब्द कलमातच आहेत. अडचण एवढीच की झडती दंडाधिकाऱ्यांनी किंवा त्यांच्या समक्ष व्हावी लागते, नाहीतर केंद्राने खास अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने. म्हणून कोणी या वाटेला फारसं जात नाही.

जास्त चालणारी वाट म्हणजे चॅप्टर केस.

मिरजेची_तार
चॅप्टर केस म्हणजे ते १०७ ना? तहसीलदारांसमोर उभं करतात ते?

पंचनामा
तेच. आता भारतीय नागरी सुरक्षा संहितेचं कलम १२६. कार्यकारी दंडाधिकारी एक वर्षापर्यंतचं शांतता राखण्याचं बंधपत्र मागतात. चौकशी चालू असताना अंतरिम बंधपत्रही घेता येतं, कलम १३५ (३).

लोक याला "सही करून चहा पिऊन या" असं समजतात. पण शस्त्र अधिनियमाचं कलम ९ वाचा: शांततेचं किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र द्यायचा हुकूम ज्याला झाला, त्याने त्या मुदतीत अग्निशस्त्र बाळगायचंच नाही. परवाना रद्द करायची गरज नाही, मनाई थेट कायद्याने. मग बाळगणं बेकायदा झालं की कलम २१ प्रमाणे शस्त्र विनाविलंब ठाण्यात जमा करायचं. चॅप्टरचा हुकूम निघाला की त्याची प्रत घेऊन ठाण्यात "कलम ९ व २१ प्रमाणे शस्त्र जमा करून घ्यावे" असा दोन ओळींचा अर्ज. चॅप्टर खूप निघतात, हे दोन ओळींचं पत्र मात्र कोणी लिहीत नाही.

काळाकोट
पंचनामासाहेब, इथे एक खाच आहे. कलम ९ मध्ये अजून "फौजदारी प्रक्रिया संहिता, प्रकरण आठ" असाच उल्लेख. समोरचा म्हणेल हुकूम नव्या संहितेखाली आहे, कलम ९ लागत नाही. उत्तर: सर्वसाधारण परिभाषा अधिनियम (जनरल क्लॉजेस ॲक्ट) १८९७ चं कलम ८. जुना कायदा जाऊन नवा आला की जुन्याचा उल्लेख नव्याचा धरायचा. अर्जातच ही ओळ टाकून ठेवा, एक तारीख वाचते.

पंचनामा
मान्य. आणि दुसरी खाच मीच सांगतो. बंधपत्राची मुदत संपली की मनाई संपते, आणि तो पावती घेऊन बंदूक न्यायला हजर. म्हणून चॅप्टर म्हणजे तात्पुरती खुंटी. तेवढ्या वेळात २५ (२) चा आदेश आणि कलम १७ चं निलंबन व्हायला हवं.

निळी_खाडी
अवांतर, पण तुलना म्हणून. अमेरिकेत १९९४ पासून केंद्रीय कायदाच आहे: नोटीस देऊन, म्हणणं ऐकून संरक्षण आदेश निघाला आणि त्यात धोक्याचा निष्कर्ष किंवा बळाच्या वापराला स्पष्ट मनाई असली, की त्या काळात बंदूक बाळगणं गुन्हा. रहीमी प्रकरणात २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो ८ विरुद्ध १ ने उचलून धरला. म्हणजे आदेशात बंदुकीचा शब्द नसला तरी चालतं.

भडंगप्रेमी
आणि तिथे बंदुका माणसांपेक्षा जास्त. आपल्याकडे कायदा अर्धा, बंदुका थोड्या. कोणाचं गणित बरं?

निळी_खाडी
गणित अडतं ते तिथेही घरातून बंदूक प्रत्यक्ष गोळा करण्यावरच. केंद्रीय कायदा बाळगू नको म्हणतो, कोणी जाऊन आणायची ते राज्याराज्यावर. म्हणून वरचं "बजावतेवेळीच" मला फार आवडलं.

ठासणी
आता जमा करण्यातल्या चलाख्या. कायदा तुम्ही सांगितलात, लोखंडाचं मी सांगतो.

दुनळी बारा बोर मोडली की तीन तुकडे होतात: दस्ता आणि त्याला जोडलेली यंत्रणा, नळ्यांची जोडी, आणि पुढचा लाकडी हातधर. क्रमांक एका जागी नसतो. यंत्रणेच्या सपाट भागावर असतो आणि नळ्यांच्या मागच्या टोकाला खालूनही असतो. बंदूक बंद असताना हे दिसतच नाहीत, मोडूनच बघावे लागतात. पावतीवर दोन्ही क्रमांक परवान्याशी ताडून लिहून घ्या. नुसतं "एक बारा बोर बंदूक" असं लिहिलेली पावती म्हणजे काहीच नाही.

परवान्यावर शस्त्रं किती ते बघा. २०१९ नंतर जास्तीत जास्त दोन. एक जमा करून दुसरं गप्प ठेवलं जातं. काडतुसं मोजून, बोर आणि छऱ्याचा नंबर लिहून. बंदूक ठाण्यात आणि काडतुसं कपाटात हे हमखास होतं, मग बारा बोर दुसऱ्याची मिळायला किती वेळ?

सगळ्यात मोठी चलाखी: कलम २१ परवानाधारक विक्रेत्याकडेही जमा करू देतं. तिथे भाडं भरून ठेवतात, आणि आदेश काय आहे हे विक्रेत्याला माहीतच नसतं. म्हणून आदेशात ठाण्याचंच नाव हवं.

सह्यगिरींच्या बाजूनेही एक. मुद्देमालाच्या खोलीत कोयनेच्या पावसाळ्यात नळी एका मोसमात गंजते. जमा करण्याआधी नळी पुसून, आतून तेलाचा हात फिरवून, पॉलिथिन न वापरता सुती कापडात गुंडाळून द्यावी. पॉलिथिनमध्ये घाम धरतो. पोलिसांसमोर पुसू द्यायला हरकत नसते.

सह्यगिरी
हे मात्र लाख बोललात. जमा बंदूक परत येते तेव्हा नळीत बोटभर गंज, भरपाई शून्य. हा राग खरा असतो आणि तो बाईवर निघतो.

कंदी_पेढा
आपल्या जिल्ह्यात फौजी लोक खूप. निवृत्तीनंतर बँकेत, साखर कारखान्यावर सुरक्षारक्षक, नोकरीच बंदुकीवर. परवाना परराज्यातला असेल तर?

गृहशाखेतला
परवाना कुठलाही असो, राहायला इथे आला की इथल्या प्राधिकाऱ्याकडे नोंद करायची अट असते. नोंद असेल तर फाइल इथेच. नसेल तर अट मोडली, तेही कलम १७ (३) मध्ये बसणारं कारण. अर्ज दोन्हीकडे पाठवा, मूळ प्राधिकाऱ्याला रजिस्टर्ड पोस्टाने.

नोकरीचं म्हणाल तर असा मध्यम मार्ग मागता येतो की ड्युटीवर असताना शस्त्र मालकाच्या तिजोरीतून मिळेल, ड्युटी संपली की तिथेच जमा, घरी न्यायचं नाही. कलम १७ (१) प्रमाणे परवान्याच्या अटी बदलता येतात. पण ड्युटी करून तो थेट तिच्या दारात गेला तर? माझं मत, संरक्षण आदेश चालू आहे तोवर हा मार्ग देऊ नये. लाठीवरचा रक्षकही असतोच की.

कंदी_पेढा
पगारात फरक पडतो काका.

गृहशाखेतला
पडतो. पगाराचं नुकसान भरून काढता येतं.

मिरजेची_तार
आणि गावठी कट्टा असेल तर? त्याला कसला परवाना आणि कसलं निलंबन.

पंचनामा
मग हे सगळं सोडा. थेट ठाणे किंवा स्थानिक गुन्हे शाखा, शस्त्र अधिनियमाचं कलम ३ आणि २५. माहिती देताना "त्याच्याकडे कट्टा आहे" एवढं नको. कुठे ठेवतो, शेवटचा कधी दिसला, किती गोळ्या. छापा एकदाच पडतो, मोकळा गेला तर पुढचा पडत नाही. बाई त्या घरात असताना छापा नको, आधी बाहेर काढा.

काळाकोट
मूळ प्रश्नात अजून एक राहिलं. आदेश निघाल्यावर त्याने फोन केला, निरोप पाठवला, बंदुकीचं नाव काढलं, तर ती साधी धमकी नाही. धमकीला बहुतेकदा एनसी (अदखलपात्र नोंद) देऊन परत पाठवतात. पण संरक्षण आदेशाचा भंग हिंसाचार कायद्याच्या कलम ३१ खाली गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ३२ प्रमाणे तो दखलपात्र आणि अजामीनपात्र, आणि बाईच्या एकटीच्या साक्षीवर न्यायालय निष्कर्ष काढू शकतं. ठाण्यात जाताना आदेशाची प्रत हातात धरा आणि ३१ चं नाव घ्या. जामिनाच्या वेळी सरकारी वकिलांना त्याच २००६ च्या नियमांतला नियम १५ दाखवा, अग्निशस्त्र बाळगायला मनाई आणि दारूला मनाई या जामिनाच्या अटी तिथे शब्दशः दिलेल्या आहेत.

वकिलाचा खर्च? जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

तारळीकाठ
सगळ्यांचे आभार. मी क्रम असा लावते: आधी २५ (२) चा फेरफार अर्ज २३ (२) सह, काळाकोटांचं विनंती कलम जसंच्या तसं. त्याच दिवशी ठाण्यात १२६ साठी अर्ज. अंतरिम आदेश मिळाला की प्रमाणित प्रत घेऊन गृह शाखेत १७ (३) (अ) चा अर्ज आणि आवक शिक्का. पावतीला ठासणींची यादी.

एक शंका. नोटिशीची कुणकुण लागून त्याने बंदूक सांगलीकडे भावाच्या घरी ठेवली तर?

पंचनामा
भावाचा परवाना नसेल तर भावावर बिनपरवाना बाळगल्याचा गुन्हा, आणि याच्यावर परवान्याची अट मोडल्याचा, शस्त्र अधिनियमाचं कलम ३०. बहुतेकदा भावालाच हे समजावून सांगितलं की बंदूक संध्याकाळपर्यंत ठाण्यात येते. तेव्हा भावाचा पत्ताही अर्जात लिहून ठेवा, आणि मेहुण्याचा.

भडंगप्रेमी
मेहुण्याचा आधी.

ठासणी
ताई, एक राहिलंच. पावतीची झेरॉक्स बाईकडे पण हवी. मूळ त्याच्याकडे असते, आणि कधी उचलून नेली ते तिला कोणी कळवत नाही. महिन्यातून एकदा मुद्देमाल कारकुनाला विचारायचं, "ती दुनळी आहे ना जागेवर?"